बिल आहे, सीडी नाही

भोसरीच्या टी ब्लॉकमधली कुठलीही जुनी टूलरूम घ्या. वायरकट मशिन वीस वर्षांचं झालंय, पण अजून डायचा कट गेजमध्ये बसवून देतं. त्याला प्रोग्रॅम पुरवणारा पीसी कोपऱ्यातल्या टेबलावर, तेलकट कव्हराखाली. एक दिवस त्याची हार्ड डिस्क जाते. हार्डवेअरवाला येतो, नवी डिस्क लावतो, विंडोज टाकतो आणि म्हणतो, "साहेब, कॅमच्या सॉफ्टवेअरची सीडी काढून ठेवा." तिथून शोधाशोध सुरू होते. कपाटातल्या बॉक्स फाइलमध्ये २००३ सालचं बिल निघतं, विक्रीकर लावलेलं, डीलरचा शिक्का मारलेलं. डिलिव्हरी चलन निघतं. चलनावरचा सीरियल नंबरही वाचता येतो. सीडी मात्र निघत नाही.

पुढचं काय होतं ते पिंपरी-चाकणच्या या पट्ट्यात काम करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. डीलरचा नंबर बंद असतो, किंवा त्याने दुसऱ्याच कंपनीची एजन्सी घेतलेली असते. कंपनीला मेल केला तर उत्तर येतं की ती आवृत्ती बंद झाली, आता वार्षिक सबस्क्रिप्शन घ्या. नवं सॉफ्टवेअर जुन्या पीसीवर चालत नाही आणि नव्या पीसीला जुन्या मशिनची केबल लावायला पोर्ट नसतो. डाय तर उद्या संध्याकाळी पोचायलाच हवा. मग कुणीतरी सुचवतं, "एक पोरगा आहे ओळखीचा, क्रॅक टाकून देईल." आणि वीस वर्षांपूर्वी चोख पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतलेला माणूस दुपारपर्यंत चोरीचं सॉफ्टवेअर वापरणारा ठरतो.

हे मला मुळातच अन्यायाचं वाटतं. त्याने सॉफ्टवेअर वापरण्याचा हक्क विकत घेतला होता, मुदत न घालता. सीडी ही तो हक्क घरी आणण्याची सोय होती. सोय हरवली म्हणून हक्क संपत नाही. ज्याने पैसे घेतले, त्याने तो हक्क वापरता येईल असा मार्ग उघडा ठेवला पाहिजे, आणि ठेवायचा नसेल तर दुसऱ्या कुणाला तो उघडू दिला पाहिजे. आपला कायदा या दिशेने अर्धा रस्ता चालून आलाय आणि नेमका गरजेच्या जागी थांबलाय.

सीडी हरवते म्हणजे मालक बेफिकीर होता, असं धरून चालण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे. पुष्कळ वेळा सीडी मालकाच्या हातात आलेलीच नसते. डीलरचा माणूस यायचा, स्वतःच्या बॅगेतल्या सीडीवरून सॉफ्टवेअर टाकायचा, डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर उघडणारं लॉक, पीसीला लावायचा आणि बॅग उचलून जायचा. कुठे मूळ सीडी दिली गेली, पण ती वार्षिक देखभालीचा करार (एएमसी) असलेल्याकडे राहिली, आणि एएमसी बदलली तेव्हा ती परत मागायचं कुणाला सुचलं नाही. कुठे मार्करने नाव लिहिलेली, डीलरने स्वतः बर्न केलेली सीडी होती, आणि अशा सीडीवरचा रंगाचा थर काही वर्षांत खराब होऊन ती वाचलीच जात नाही. गाळा बदलला, भोसरीहून तळवड्याला किंवा चाकणच्या खराबवाडीला मशिनं हलवली, की ट्रकमध्ये मशिन जपून चढतं आणि कागदपत्रांची पोती कुठेतरी राहतात. आणि विंडोजचं काय झालं ते तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. एक्सपीच्या काळात पंचवीस अक्षरांची की असलेलं स्टिकर पीसीच्या कॅबिनेटवर चिकटवलेलं असायचं. कॅबिनेट जुनं झालं म्हणून किलोच्या भावाने कुदळवाडीच्या भंगारात गेलं, आणि लायसन्सही त्याच्याबरोबर गेलं.

"इतकं जुनं वापरायचंच कशाला?" हा प्रश्न बहुतेकदा ऑफिसात बसून विचारला जातो. शॉप फ्लोअरवर तो कुणी विचारत नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या, १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीने प्लॉट पाडले, आणि २००९ च्या आसपास फोक्सवॅगन, मर्सिडीज चाकणला आल्या. या साऱ्या मोठ्या कारखान्यांमागे हजारो छोट्या शेड उभ्या राहिल्या, आणि त्या शेडचं सगळं गणित मशिनच्या आयुष्यावर चालतं. कर्ज काढून घेतलेलं मशिन सात वर्षांत फिटतं आणि पुढची पंधरा वर्षं कमावून देतं. बेड, स्पिंडल, स्लाइड नीट ठेवल्या तर लोखंड थकत नाही. थकतो तो त्याच्या डोक्यातला संगणक. सीएमएम या मोजमाप यंत्राचा ग्रॅनाइट टेबल पंचवीस वर्षांनीही सपाट असतो, पण त्याचं मोजमापाचं सॉफ्टवेअर एक्सपीवर अडकलेलं असतं, आणि एक्सपीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला.

शिवाय जुनं सांभाळण्याची सक्ती वरूनच येते. वाहन उद्योगातल्या पुरवठादारांना लागू असलेलं आयएटीएफ १६९४९ हे मानक सांगतं की पार्टची मंजुरी, टूलिंगच्या नोंदी, प्रॉडक्ट आणि प्रोसेसच्या डिझाइनच्या नोंदी, या सगळ्या तो पार्ट उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये असेपर्यंत आणि वर आणखी एक कॅलेंडर वर्ष जपायच्या. गाडीचं मॉडेल बंद झालं तरी तिचे स्पेअर पुढे बरीच वर्षं द्यावे लागतात. म्हणजे २००४ साली काढलेल्या ड्रॉइंगची फाइल आज ऑडिटरला उघडून दाखवता आली पाहिजे. फाइल जपली, पण ती उघडणारं सॉफ्टवेअर गेलं, तर ती नोंद जपली असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? ग्राहक कंपनी नोंद मागते, मानक नोंद मागतं, आणि ती नोंद ज्या सॉफ्टवेअरच्या पोटात आहे त्याचा विक्रेता हात वर करतो. या तिघांच्या मधे सापडतो तो बारा-पंधरा माणसांच्या शेडचा मालक.

लायसन्स हरवण्याच्या रीती कशा असतात ते जवळून पाहिल्याशिवाय हा प्रश्न कळत नाही. सीमेन्सच्या पीएलसीचा (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्रॅम लिहायला लागणाऱ्या स्टेप ७ चं उदाहरण घेऊ. नव्वदच्या दशकात आणि २००० नंतरही काही वर्षं त्याचं ऑथरायझेशन एका वेगळ्या फ्लॉपीवर यायचं. सॉफ्टवेअर सीडीवरून टाकायचं आणि मग फ्लॉपीवरचं ऑथरायझेशन हार्ड डिस्कवर हलवायचं. हलवलं की फ्लॉपी रिकामी. पीसी बदलायचा असेल तर आधी ते डिस्कवरून परत फ्लॉपीवर आणायचं, मग नव्या पीसीवर न्यायचं. डिस्कवर ते एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बसायचं. आता हे माहीत नसलेला हार्डवेअरवाला मुलगा येतो, पीसी हळू चाललाय म्हणून शहाणपणाने फॉरमॅट मारतो, आणि पैसे मोजून घेतलेला हक्क दोन मिनिटांत पुसला जातो. सीडी कपाटात आहे, फ्लॉपीही आहे, दोन्ही अस्सल आहेत, आणि तरी लायसन्स नाही. पुढे हीच गोष्ट यूएसबी स्टिकवर आली, व्यवस्था सुधारली. पण त्या काळातल्या लाइनी या पट्ट्यात अजून चालू आहेत, आणि एखादा टायमर बदलायचा तरी तेच जुनं सॉफ्टवेअर लागतं.

दुसरी रीत नेटवर्क कार्डाची. अनेक कॅड-कॅम सॉफ्टवेअरांची लायसन्स फाइल पीसीच्या नेटवर्क कार्डाच्या नंबरला बांधलेली असते. पावसाळ्यात वीज कडाडते, लाइनवर झटका येतो, मदरबोर्ड जळतो. नव्या बोर्डावर नवा नंबर. लायसन्स फाइल पेन ड्राइव्हवर जपून ठेवलेली असते, पण ती ज्या पीसीला ओळखते तो पीसी आता उरलेला नाही. तिसरी डोंगलची. प्रिंटरच्या पोर्टला लागणारं ते अंगठ्याएवढं डोंगल. त्याला आमच्याकडे नुसतं "लॉक" म्हणतात. पिन वाकली, आतली चिप गेली, किंवा झाडूवाल्याने कचऱ्यात टाकलं, की लाखाचं सॉफ्टवेअर उघडत नाही.

याच्या उलट एक चांगली रीतही याच शॉप फ्लोअरवर आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. सीएनसी मशिनवरच्या फॅनुक कंट्रोलचे पॅरामीटर बॅटरीवर टिकतात. बॅटरी संपू दिली की सगळे उडतात, म्हणून मशिन चालू ठेवूनच बॅटरी बदलायची, हे प्रत्येक सेटरला पहिल्या महिन्यात शिकवतात. पण ते उडाले तरी मशिन मरत नाही. त्या मशिनला कोणते ऑप्शन विकत दिले आहेत, ते सांगणाऱ्या ९९०० च्या पॅरामीटरांसकट सगळ्यांचा छापील तक्ता मशिनबरोबर येतो. तो इलेक्ट्रिकल पॅनेलच्या दाराच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत अडकवलेला असतो. सर्व्हिस इंजिनिअर दार उघडतो, कागद काढतो, आकडे भरतो, मशिन परत उभं राहतं. ग्राहकाला काय विकलं, याचा पुरावा ग्राहकाच्याच दारात ठेवायचा, आणि तो पुरावा मशिन पुन्हा चालू करायला पुरेसा असायचा. लोखंडाच्या धंद्यात ही साधी रीत रुळली आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्याला ती परवडत नाही, हे मला पटत नाही.

आता कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक पोटकलम आलं. संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे, त्याने ती नष्ट किंवा खराब होऊ नये म्हणून बॅकअप प्रत काढली, तर तो गुन्हा नाही. ज्या कामासाठी प्रोग्रॅम घेतला त्या कामासाठी ती वापरायची, एवढीच अट. म्हणजे सीडी आली त्याच दिवशी तिची प्रत काढून ठेवायचा हक्क मालकाला कायद्याने दिलेला आहे. आजही कित्येक मालकांना वाटतं की सीडीची कॉपी मारणं म्हणजेच पायरसी. हा गैरसमज कुणी दूर केला नाही.

पण त्या पोटकलमातली शब्दरचना बारकाईने वाचली की अडचण दिसते. बॅकअप काढायची ती आपल्याजवळच्या त्या प्रतीवरून. प्रत हरवून गेल्यावर काय? शेजारच्या प्लॉटमधल्या मित्राकडे तीच आवृत्ती आहे, त्याच्या सीडीवरून आपल्या सीरियल नंबरने टाकून घेतली, तर? इंटरनेटवर कुणी ठेवलेली तीच फाइल उतरवली, तर? कायदा यावर गप्प आहे. हरवण्याआधी काळजी घेणाऱ्याला संरक्षण आहे. हरवल्यानंतर मात्र बिल हातात असूनही माणूस उघड्यावर.

कुलूप तोडण्याबद्दल आपला कायदा अमेरिकेपेक्षा समंजस आहे, हेही सांगितलं पाहिजे. २०१२ साली आलेल्या कलम ६५-अ नुसार कॉपीराइटचं तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण ते हक्कभंग करण्याच्या हेतूने मोडलं असेल तर. स्वतःच्या विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचं बिघडलेलं लॉक बाजूला केलं, तर हक्कभंगाचा हेतू कुठे आला? अमेरिकेत कुलूप तोडण्यावरची बंदी कडक आहे, आणि त्यामुळे तिथल्या कॉपीराइट कार्यालयाच्या शिफारशीवरून दर तीन वर्षांनी अपवाद जाहीर करावे लागतात. तिथेही २००३ साली बिघडलेल्या आणि आता मिळत नसलेल्या डोंगलसाठी अपवाद दिला गेला आणि पुढच्या काही फेऱ्यांतही तो चालू राहिला. म्हणजे मालकाच्या बाजूने विचार करणं तिथल्या कंपनीधार्जिण्या व्यवस्थेलाही जमलं. आपल्याकडे कलमात जागा आहे. पण ती जागा खरोखर किती मोठी आहे ते ठरवायला कुणीतरी कोर्टात उभं राहायला हवं, आणि भोसरीतला जॉबवर्कवाला ते करणार नाही. त्याचं पेमेंटच नव्वद दिवसांनी येतं.

याहून मोठा आधार मला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांत दिसतो. ५ नोव्हेंबर २००४ ला टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात घटनापीठाने ठरवलं की डबाबंद सॉफ्टवेअर म्हणजे माल, त्यावर विक्रीकर लागतो. पुढे २ मार्च २०२१ ला इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्सच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की परदेशी कंपनीचं तयार सॉफ्टवेअर घेताना दिलेले पैसे म्हणजे कॉपीराइटची रॉयल्टी नव्हे, ती मालाची किंमत. दोन्ही खटले करांचे होते आणि त्यांचे निकाल त्या प्रश्नांपुरतेच वाचले पाहिजेत, हे मला मान्य आहे. तरी विचार करा. सरकारने माल म्हणून कर घेतला. कंपनीने माल विकला म्हणून रॉयल्टीवरचा कर वाचवला. आणि सीडी हरवल्यावर तीच कंपनी ग्राहकाला सांगते की तुम्ही काही घेतलंच नव्हतं, आम्ही फक्त वापरायची परवानगी दिली होती. पैसे घेताना माल आणि सेवा देताना परवानगी, या दोन्ही गोष्टी एकाच बिलावर चालणार नाहीत.

युरोपातल्या न्यायालयासमोर हा प्रश्न याच्या जवळच्या रूपात आला होता. लाटव्हियातल्या दोघांनी मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमच्या कॉपी केलेल्या सीडी विकल्या. १२ ऑक्टोबर २०१६ च्या निकालात न्यायालयाने अशी विक्री चालणार नाही असं सांगितलं. पण त्याच निकालात असंही नोंदवलं की ज्याच्याकडे बिनमुदत लायसन्स आहे त्याची मूळ सीडी हरवली, तुटली किंवा नष्ट झाली, एवढ्याच कारणाने त्याचं लायसन्स पुढे विकण्याची वाट पूर्ण बंद करता येत नाही. विकायची वाट जर उघडी राहत असेल, तर स्वतः वापरायची वाट किती अधिक उघडी असायला हवी!

आपल्याकडे ग्राहक म्हणून दाद मागावी तर तिथेही छोट्या कारखानदाराची पंचाईत आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी कारणासाठी माल घेणाऱ्याला ग्राहक मानत नाही. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरणाऱ्याला तेवढी सूट आहे. एक मशिन स्वतः चालवणारा त्यात बसू शकेल, चार कामगार ठेवणाऱ्याला वाद घालावा लागेल. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने २०२२ च्या जुलैमध्ये समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाइल आहेत, घरगुती उपकरणं आहेत, वाहनं आहेत. कारखान्यातल्या मशिनला जिवंत ठेवणारं सॉफ्टवेअर त्या यादीत नाही.

आणि तरी वाहन उद्योगात याच तत्त्वावर एक मोठा निर्णय होऊन गेला आहे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. त्यांचे सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळत नाहीत, हा आक्षेप होता. अपिलं झाली, वाद लांबला. पण आयोगाने मांडलेलं तत्त्व पिंपरी-चाकणच्या लोकांना कळायला अवघड नाही. गाडी विकली म्हणजे ती दुरुस्त करायच्या किल्ल्या कायम स्वतःच्या खिशात ठेवता येणार नाहीत. गाडीच्या मालकाला जे लागू, ते ती गाडी बनवणाऱ्या मशिनच्या मालकाला का नाही?

कंपन्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं आहे, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. सीडी हरवली म्हणून उद्या कुणीही फोन करेल आणि फुकट सॉफ्टवेअर नेईल, ही त्यांची पहिली भीती. बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या २०१८ च्या पाहणीनुसार भारतात आदल्या वर्षी ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना वापरात होतं, त्यामुळे भीती निराधार नाही. पण बिल आहे, सीरियल नंबर आहे, विकताना कंपनीने स्वतः केलेली नोंदणी आहे. या तिन्हींची जुळणी करायला एका माणसाचा अर्धा तास पुरे. हवं तर त्याचे पैसे घ्यावेत. हजार-दोन हजार रुपये द्यायला कुणीही ना म्हणणार नाही.

दुसरी भीती सुरक्षेची. जुनं सॉफ्टवेअर म्हणजे उघडं दार. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या मालवेअरने जगभर संगणक ठप्प केले आणि पाठिंबा संपलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला पॅच काढावा लागला. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या मालवेअरमुळे आपल्याच जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम बंद पडलं. हा धोका खरा आहे, आणि म्हणून मशिनजवळचा जुना पीसी इंटरनेटला जोडूच नये. पण मग कंपनीने सही-सलामत मूळ प्रत देणं हाच सुरक्षित मार्ग नाही का? ती देत नाही म्हणून माणूस क्रॅककडे जातो. अँटिव्हायरस बंद करून कुठल्या तरी अनोळखी माणसाने बनवलेला प्रोग्रॅम चालवतो, आणि ज्याला प्रोग्रॅम पुरवायचे त्या मशिनवर ग्राहकाचा पार्ट चढवतो. शिवाय तो कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब च्या तावडीत जातो. विनापरवाना प्रत आहे हे माहीत असून धंद्यात वापरली तर किमान सात दिवसांची कैद आणि पन्नास हजारांचा दंड. कोर्टाचा कमिशनर पीसी तपासायला दारात येतो, तेव्हा जुनं बिल दाखवून सुटका होईलच याची खात्री कुणी देत नाही.

इच्छा असेल तर मार्ग निघतो, हे ॲडोबीने दाखवलं आहे. क्रिएटिव्ह सूट २ चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा २०१३ च्या सुरुवातीला कंपनीने ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती सीरियल नंबरसकट डाउनलोडला ठेवली. ती जुन्या ग्राहकांसाठी होती. लोकांनी फुकट म्हणून उतरवली, गोंधळ झाला. पण कंपनी बुडाली नाही. आठ वर्षं जुन्या आवृत्तीमुळे नव्या आवृत्तीचा खप कोसळला असंही झालं नाही. मालकाला मूळ प्रत देणं म्हणजे धंदा लुटवणं नव्हे.

या प्रश्नाची एक बाजू मराठीचीच आहे आणि ती कारखान्याबाहेरची म्हणून सोडून देववत नाही. चिंचवड, निगडीच्या डीटीपी सेंटरांत आणि छापखान्यांत पंचवीस वर्षं जे मराठी टाइप झालं, ते श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरांवर. त्यातल्या कित्येक आवृत्त्यांना डोंगल लागायचं. युनिकोड सरसकट रुळण्याआधीच्या त्या फाइली त्या त्या फॉन्टशिवाय वाचताच येत नाहीत. उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. ग्रामपंचायतींचे अहवाल, दिवाळी अंक, गावांचे इतिहास, कामगार संघटनांची पत्रकं तशा फाइलींत पडून आहेत. डोंगल गेलं, सीडी गेली, की तो मजकूर असून नसल्यासारखा. छापील पुस्तकासाठी आपण १९५४ सालीच कायदा केला: प्रकाशकाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना द्यायची. सॉफ्टवेअरसाठी असं काहीच नाही. पुस्तकाची आवृत्ती संपली तरी एक प्रत कुठेतरी सापडेल, ही हमी आपण सत्तर वर्षांपूर्वी दिली. ज्यावर आज कारखाने चालतात आणि भाषा टिकते, त्याला ती नाही.

म्हणून मला तीन ठिकाणी हालचाल हवी आहे. कॉपीराइट कायद्यात एका वाक्याची भर घालावी: मूळ प्रत हरवली किंवा खराब झाली तर कायदेशीर खरेदीदाराने त्याच आवृत्तीची प्रत दुसरीकडून मिळवणं आणि बिघडलेलं लॉक बाजूला करून ती वापरणं हा हक्कभंग नाही. विक्री बंद करताना किंवा ॲक्टिव्हेशन सर्व्हर मिटवताना कंपनीवर बंधन असावं की शेवटची, ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत नोंदणीकृत ग्राहकांना द्यायची, नाहीतर एखाद्या विश्वासाच्या संस्थेकडे ठेवायची. अशी संस्था शोधायला दिल्लीला जायला नको. चिंचवडमध्ये ऑटो क्लस्टर उभं आहे, छोट्या उद्योगांना एकेकट्याला न परवडणाऱ्या चाचण्या आणि सोयी एकत्र मिळाव्यात म्हणूनच ते झालं. मशिनच्या सॉफ्टवेअरच्या मूळ प्रती, डोंगलच्या नोंदी, लायसन्स फाइली तिथे सीलबंद ठेवता येतील, बिल दाखवून मिळतील. पुण्याचा मराठा चेंबर १९३४ पासून उद्योगांचं गाऱ्हाणं सरकारपर्यंत नेत आला आहे, पिंपरी-चिंचवड लघुउद्योग संघटना वीज, रस्ते आणि कचऱ्याचे प्रश्न लावून धरते. त्यांच्या निवेदनांत हा मुद्दा यायला हवा.

तोवर आपल्या हातात काय आहे? जेवढं आहे तेवढं आजच करावं. शेडमधल्या चालू पीसीच्या डिस्कची पूर्ण इमेज दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि ती पीसी बंद पडल्यावर नव्हे, चालू असताना घ्यावी. सीडीची बॅकअप काढायला कायद्याने हरकत नाही, ती काढावी. बिल, सीरियल नंबर, लायसन्स फाइल, नेटवर्क कार्डाचा नंबर यांचा एक कागद पॅनेलच्या दारात, पॅरामीटरच्या तक्त्याशेजारी अडकवावा. कॅबिनेट भंगारात देण्याआधी स्टिकरचा फोटो घ्यावा. आणि फॉरमॅट मारण्याआधी विचारायचं, हे हार्डवेअरवाल्या मुलाला नीट सांगून ठेवावं.

यापलीकडचं मात्र एकेकट्या शेडला जमणार नाही. ते मोठ्या कंपन्यांना जमेल. अमुकच सॉफ्टवेअर वापरा, अमुकच फॉरमॅटमध्ये डेटा द्या, हे व्हेंडरला सांगणाऱ्या त्याच असतात. सॉफ्टवेअर कंपन्यांशी एकरकमी करार करतात त्याही त्याच, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आहे. आपल्या पुरवठा साखळीला सॉफ्टवेअर विकायचं असेल तर बिनमुदत लायसन्सची मूळ प्रत बिलावर पुन्हा मिळाली पाहिजे, ही अट त्यांनी एकदा करारात घातली, तर संसदेची वाट न बघता निम्मा प्रश्न सुटेल. व्हेंडरच्या ऑडिटमध्ये नोंदी किती वर्षांच्या जपल्या हे त्या विचारतातच. ज्या सॉफ्टवेअरमध्ये त्या नोंदी आहेत ते विक्रेता पुन्हा देतो का, हा प्रश्न त्याच चेकलिस्टमध्ये त्याखालीच यावा, आणि उत्तर "नाही" आलं तर गुण व्हेंडरचा न कापता सॉफ्टवेअर विक्रेत्याचा कापला जावा.